शंभरात किती?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांत सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घातले जाते, तेव्हा ते नुसते लिटरने मोजून भागत नाही. नमुना यंत्रात जातो आणि पावतीवर लिटरच्या शेजारी फॅट व एसएनएफ असे दोन आकडे उमटतात. पहिला सांगतो, शंभर भाग दुधात स्निग्धांश किती. दुसरा सांगतो, स्निग्धांश आणि पाणी वगळून उरलेला घन भाग किती. म्हशीच्या दुधासाठी 6.0 आणि 9.0, गाईच्या दुधासाठी 3.5 आणि 8.5 ही दराची प्रमाण प्रत. आकडा त्याखाली उतरला की पैसे कमी होतात. 1963 साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, म्हणजे ‘गोकुळ’ने, आणि वारणा खोऱ्यातल्या सहकाराने हा हिशोब घरोघरी नेला. गोठा सांभाळणाऱ्या बाईला काल फॅट किती लागली आणि आज का उतरली, हे विचारावे लागत नाही. वैरणीतला आणि पेंडीतला बदल ती त्या आकड्याशी जोडून सांगते. उसाचेही तेच. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरते ती साखर उताऱ्यावर. अलीकडच्या हंगामांत पायाभूत उतारा 10.25 टक्के धरला जातो आणि त्यावरच्या दर दशांश टक्क्याला वाढीव पैसे मिळतात. थोडक्यात, या जिल्ह्याची दोन मोठी उत्पन्ने ‘शंभरात किती’ या एकाच प्रश्नावर उभी आहेत. आणि त्याच घरात बिस्किटांचा पुडा आला, तर तो उलटून पाहिला जातो तो किंमत आणि तारीख यांच्यासाठी. फार झाले तर हिरवा ठिपका.

सामान्य माणसाला पोषणाचे तक्ते कळत नाहीत, आकड्यांनी तो गोंधळतो, असे आहारावरच्या चर्चेत वारंवार म्हटले जाते. डेअरीच्या पावतीपुढे हा मुद्दा टिकत नाही. शेकडेवारी वाचण्याचे कौशल्य इथे आहे, रोजच्या वापरातले आहे. मात्र ते विकणाऱ्याच्या बाजूने वापरले जाते. खाणारा म्हणून तोच माणूस दुकानात उभा राहतो तेव्हा तो आकडा सोडून चित्र पाहतो. या प्रकरणाचे म्हणणे एवढेच, की पाकिटावरच्या सगळ्या मजकुरात सर्वांत आधी वाचायची गोष्ट म्हणजे ‘प्रति 100 ग्रॅम’ हा रकाना. बाकीचे बरेचसे त्याच्या आधाराने उलगडते. ही सवय लावण्याची निकडही आता नाकारता येणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. याच परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी 17 मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत लेबल वाचणे हे एक स्वतंत्र सूत्र आहे.

पाकिटाला दोन बाजू असतात आणि त्या दोन वेगळ्या हातांनी लिहिलेल्या असतात. समोरची बाजू उत्पादकाची: त्याचे नाव, त्याचे रंग, गव्हाची लोंबी, धावणारे मूल. मागची बाजूही छापतो उत्पादकच, पण तिथे काय लिहायचे हे कायदा ठरवतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. लेबलांविषयीचे सध्याचे मुख्य नियम 2020 चे. त्यांनुसार ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, बाहेरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम यांचे आकडे द्यावे लागतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावावी लागते. जे सर्वांत जास्त, ते आधी. समोर ज्या घटकाची जाहिरात केली असेल त्याचे प्रमाणही लिहावे लागते. म्हणून ‘नाचणी बिस्किट’ असे ठळक छापलेल्या पुड्यामागे घटकांच्या यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पामतेल आणि नंतर कंसात लहानशा टक्केवारीसह नाचणी असा क्रम दिसला, तर उत्पादक खोटे बोलला असे म्हणता येत नाही. त्याने सांगितले, आपण वाचले नाही. यादी वाचताना एक खोच मात्र ध्यानात ठेवावी लागते. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, मध अशी गोडी चार नावांत वाटली की प्रत्येकीचे वजन कमी भरते आणि प्रत्येक नाव यादीत खाली सरकते. क्रम फसवू शकतो. बेरीज शंभराच्या रकान्यात एकूण साखरेपुढे लिहिलेली असते.

त्या रकान्याशेजारी दुसरा रकाना असतो ‘प्रति सर्व्हिंग’चा, आणि घोळ सुरू होतो तो तिथे. सर्व्हिंग म्हणजे एका वेळचा वाढा, पण तो ठरवतो उत्पादक. समजा, फरसाणाच्या 200 ग्रॅमच्या पिशवीवर 30 ग्रॅमचा एक वाढा धरला आहे. 30 ग्रॅम म्हणजे पुरती एक मूठ. चहाबरोबर ताटली पुढे आली की कोणी तेवढ्यावर थांबत नाही. दोन कंपन्यांनी वाढा वेगवेगळा धरला असेल, तर त्या रकान्यांची तुलनाही होत नाही. शंभराचा रकाना सगळ्यांना एकाच मापात आणतो. शिवाय वाढ्याच्या रकान्यात ‘आरडीए’ची टक्केवारी असते, म्हणजे दिवसाच्या शिफारशीतला किती वाटा या वाढ्याने भरला. आधार 2000 किलोकॅलरींचा, त्यात एकूण स्निग्धांश 67 ग्रॅम, संपृक्त 22 ग्रॅम, बाहेरून घातलेली साखर 50 ग्रॅम, सोडियम 2000 मिलिग्रॅम. ऊसतोड करणारा मजूर आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार यांना एकच 2000 लावणे ओबडधोबड आहे, पण ते एक वेळ चालेल. खरी उणीव वेगळी आहे. प्रथिने आणि तंतू शरीराला लागतात, तिथे मोठी टक्केवारी ही जमेची बाजू. बाहेरून घातलेली साखर शरीराला मुळीच लागत नाही. 50 ग्रॅम ही तिची वरची मर्यादा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये ती शक्यतो निम्मी, म्हणजे 25 ग्रॅमच्या आसपास असावी असे सुचवले आहे. गरज आणि मर्यादा एकाच रकान्यात एकाच चिन्हाने छापल्या, की ‘24 टक्के’ हे वाचणाऱ्याला चोवीस टक्के काम झाल्यासारखे वाटते. नियम करणाऱ्यांनी हे वेगळे करायला हवे होते, असे माझे मत आहे.

साखरेचा विषय कोल्हापुरात गुळापाशी आल्याशिवाय राहत नाही, आणि लेबल वाचण्याची खरी परीक्षाही इथेच आहे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हापासून गूळ ही या शहराची ओळख आहे. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे ‘साखर नाही, गुळाचे’ एवढे तीन शब्द समोर छापले की चिक्की, बिस्किट, चहाचे तयार मिश्रण, लाडू, काहीही असो, इथला ग्राहक निर्धास्त होतो. आता कायद्याची व्याख्या पाहा. उसाच्या गुळात, पाणी वगळता उरलेल्या भागात, एकूण शर्करा किमान 90 टक्के आणि त्यातले सुक्रोज किमान 60 टक्के असले पाहिजे, असे अन्न मानके सांगतात. म्हणजे गूळ हा बहुतांशी साखर असतो ही कोणी शोधून काढलेली खोड नव्हे. तसा नसेल तर तो मानकातच बसत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅम गुळाची ऊर्जा साडेतीनशे किलोकॅलरींच्या जवळपास आहे, पांढऱ्या साखरेची चारशेच्या. दहा ग्रॅमच्या खड्यामागे फरक पडतो पाचेक किलोकॅलरींचा. म्हणून पाकिटामागे ‘अ‍ॅडेड शुगर्स’ची ओळ असते तिथे गूळ, काकवी, मध हे सगळे धरले जायला हवे, आणि जाहिरातींविषयीच्या 2018 च्या नियमांनुसार अशा पदार्थावर ‘साखर घातलेली नाही’ असा दावा करता येत नाही. ‘शून्य रिफाइंड साखर’ हा शब्दप्रयोग त्यातूनच निघालेली पळवाट आहे. तो खरा असतो आणि तरी आपल्याला हवे ते सांगत नाही.

यावर गुळाच्या बाजूने दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला लोहाचा. गुळात लोह असते, साखरेत जवळजवळ नसते, हे खरे. त्याच तक्त्यानुसार 100 ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅमच्या थोडे वर लोह आहे. प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅमची शिफारस आहे. खड्याभर, म्हणजे दहा ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. शिफारशीचा एक तृतीयांश भागवायला दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त गूळ लागेल आणि त्याबरोबर सातशेहून अधिक किलोकॅलरी पोटात जातील. लोहासाठी गूळ खावा हे विधान शेकडेवारीसमोर उभे राहत नाही. दुसरा आक्षेप शुद्धतेचा: आमचा गूळ केमिकलविरहित आहे, भेंडीने मळी काढलेला आहे, हायड्रोस नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. रंग उजळण्यासाठी गुऱ्हाळघरात हायड्रोससारखी रसायने वापरली जातात आणि गुळात साखर मिसळण्याच्या तक्रारीही या बाजारपेठेला नव्या नाहीत. अशा वेळी काळपट, चिवट, खऱ्या रसाचा गूळ करणाऱ्या गुळव्याला जास्त दर मिळालाच पाहिजे. पण त्या चांगुलपणाने शंभरातली शर्करा कमी होत नाही. रसायन आहे का, हा एक प्रश्न. गोडी किती, हा दुसरा. समोरची बाजू पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचे दिल्याचा भास निर्माण करते. गूळ चवीसाठी खावा, पुरणपोळीसाठी खावा, खुशाल खावा. फक्त तो साखरेच्या खात्यात मांडावा. श्रीखंडाच्या बाबतीत अशी फसगत होत नाही, कारण ते पथ्याचे आहे असे कोणी म्हणत नाही. मानकानुसार श्रीखंडातल्या घन भागात 72.5 टक्क्यांपर्यंत साखर चालते. 58 टक्के घन भाग असलेल्या श्रीखंडात शंभर ग्रॅमला 42 ग्रॅम भरते. सणाला ते ठाऊक असूनच वाटी पुढे केली जाते.

मिठाचे तसे नाही, कारण तिथे जीभच अपुरी पडते. गोड किती आहे ते चाखून अंदाजाने कळते. सोडियम किती आहे ते कळत नाही. पापडातला पापडखार सोडियमचाच क्षार, खाण्याचा सोडाही सोडियमचाच, चव वाढवणारे मोनोसोडियम ग्लुटामेट आणि टिकवण्यासाठी घातलेले सोडियम बेन्झोएट ही दोन्हीही त्याच कुळातली. यातले बरेचसे खारट लागतही नाही. तक्त्यातला सोडियमचा आकडा या सगळ्यांची बेरीज करून येतो, म्हणून तो जिभेपेक्षा भरवशाचा. त्याला अडीचने गुणले की मिठाचा हिशोब मिळतो: 2000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पाच ग्रॅम मीठ, दिवसभराचे, भाजी-आमटी-भाकरीतले धरून. शंभर ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम असलेल्या भडंगाची अर्धा पाव पिशवी एकट्याने संपवली, तर त्यातच अडीच ग्रॅम मीठ होते. स्निग्धांशाबद्दल थोडक्यात सांगता येईल. ट्रान्स फॅटची जुनी भीती पुष्कळ कमी झाली आहे, कारण खाद्यतेले व वनस्पती तुपात त्याची मर्यादा 2022 पासून 2 टक्क्यांवर आली. आता पाहायचे ते संपृक्त स्निग्धांशाकडे. घटकांच्या यादीत तेलाचे नाव लिहिलेले असते. तिथे पामोलीन दिसले की हा आकडा का फुगला ते समजते.

मग या आकड्यांवर तरी विश्वास का ठेवायचा, असा संशय स्वाभाविक आहे. आकडे चुकीचे असू शकतात, मुद्दामही असू शकतात, आणि तपासणीची यंत्रणा पुरेशी नाही. तरी चुकीच्या आकड्यावर कायद्याने बोट ठेवता येते. ‘पौष्टिक’, ‘शक्तिदायी’, ‘आजीच्या हातचे’ यांवर ठेवणे फार अवघड. अलीकडच्या दोन घटना याच गोष्टीची साक्ष देतात. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना मुलांची गोड पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितली, कारण 2006 च्या कायद्यात अशी व्याख्याच नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास बंदी केली. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षे दिलेला लढा होता. आता गंमत पाहा. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे 100 मिलिलिटरला जेमतेम 1.35 ग्रॅम. बंदी घातलेल्या पेयांच्या मागच्या बाजूला त्याच्या कित्येक पट साखर छापलेली होती, बंदीच्या आधीही. समोरचा शब्द हटायला वर्षे लागली. मागचा आकडा त्या सगळ्या काळात तिथेच होता.

याचा अर्थ सगळी जबाबदारी ग्राहकावर टाकून सरकारने मोकळे व्हावे असा होत नाही, आणि इथे टीकाकारांशी मी सहमत आहे. नियमानुसार लेबलावरचा अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत पुरतो. मराठी छापणे उत्पादकाच्या मर्जीवर आहे. शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान पाकिटाला घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता न देण्याची मुभा आहे. ती माहिती मोठ्या खोक्यावर असते, जे दुकानदार फाडून टाकतो. लहान मुले पाच रुपये घेऊन जे विकत घेतात ते बहुधा याच मापाचे. समोरच्या बाजूवर इशारा छापावा, या मागणीवर देशात दहा वर्षांहून अधिक काळ चर्चा चालू आहे. प्राधिकरणाने सप्टेंबर 2022 मध्ये अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतच्या मानांकनाचा मसुदा काढला; एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीच्या शिफारशी तीन महिन्यांत मागितल्या, ती मुदतही पुढे वाढली. ताऱ्यांची कल्पना मला पटत नाही. तंतू आणि सुक्यामेव्याचे गुण साखरेच्या दोषातून वजा होऊन एक गुळगुळीत गुण हाती येतो, आणि मधुमेह्याला हवी असलेली नेमकी गोष्ट त्यात हरवते. चिलीने 2016 पासून साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश किंवा कॅलरी मर्यादेबाहेर असलेल्या पदार्थांवर काळे अष्टकोन छापायला लावले. मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळांतल्या विक्रीवर बंधने त्याच कायद्याने आली, त्यामुळे सगळे श्रेय अष्टकोनाला देता येणार नाही. पण पुढे झालेल्या अभ्यासात असे शिक्के बसलेल्या पेयांची घरगुती खरेदी जवळजवळ 24 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्याकडे तसे होईपर्यंत मागची बाजू वाचणे हाच उपाय हाती आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो खास कोल्हापूरचा आहे. इथले खाणे मुळात पाकिटात येतच नाही. मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा, वडा, भेळ, घरचे कांदा-लसूण चटणी घातलेले कालवण, यांच्यावर कसले लेबल? दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना 2022 पासून पदार्थापुढे कॅलरी लिहाव्या लागतात. मिसळीच्या गाड्याला अर्थातच नाही. सुट्या मिठाईवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणे ऑक्टोबर 2020 पासून सक्तीचे झाले, त्यापुढे काही गेलेले नाही. पण लेबलाने जे माप हातात येते ते पाकिटापुरते राहत नाही. घरच्या तेलाचेच घ्या. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते साडेचार किलोच्या आसपास भरते. चार माणसे आणि तीस दिवस यांनी भागले, तर माणशी रोज 38 ग्रॅम होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2000 किलोकॅलरींच्या ताटात तेल-तुपाला 27 ग्रॅम धरले आहेत. या हिशोबाला तक्ता लागला नाही, डब्यावरचा लिटरचा आकडा आणि कॅलेंडर पुरले. आणि यात घरातले तूप, पाकिटातले फरसाण किंवा बाहेर खाल्लेल्या मिसळीच्या कटावर तरंगणारे तेल धरलेलेच नाही.